राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय: नाशिकहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून राणीची बाग बघायला जाणारी बहुतेक कुटुंबं पेंग्विन बघतात, झाडाखाली डबा खातात आणि संध्याकाळच्या गाडीला लागतात. प्रवेशद्वाराजवळच दीडशे वर्षांची एक इमारत उभी आहे. तिच्यावरून नजर जाते, पण पावलं आत वळत नाहीत. ती वळावीत म्हणून शेजारीपाजारी, शिक्षक आणि सहलीची जमवाजमव करणारे लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे संग्रहालय म्हणजेच प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम का?

नाही. हा गोंधळ नेहमी होतो. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दक्षिण मुंबईत काळा घोडा परिसरात आहे. मोठा घुमट असलेली ती इमारत विसाव्या शतकातली. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय भायखळा पूर्वेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या आवारात आहे. या उद्यानालाच आपण सगळे राणीची बाग म्हणतो. हे मुंबईतलं सर्वात जुनं संग्रहालय आहे. आजच्या इमारतीत ते १८७२ साली आलं.

इमारत नवअभिजात शैलीची आहे म्हणतात. ते बघून कसं ओळखायचं?

प्राचीन ग्रीस आणि रोममधल्या देवळांची, सभागृहांची मापं आणि घडण पुढे ठेवून युरोपात अठराव्या शतकापासून जी बांधकामं झाली, त्यांना नवअभिजात म्हणतात. त्यातलाच एक प्रवाह सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार आंद्रेआ पॅलेडियो याच्या नावाने ओळखला जातो. भायखळ्याच्या इमारतीचं बाह्यरूप या पॅलेडियन वळणाचं आहे.

समोर उभे राहा आणि मधोमध एक रेघ ओढली आहे असं समजा. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे दिसेल. कमानींच्या खिडक्या ठरावीक अंतराने येतात, भिंतीत खांबांचा आभास दिलेला असतो आणि वरची आडवी पट्टी सगळ्याला बांधून ठेवते. सुळके नाहीत, चित्रविचित्र प्राण्यांची तोंडं नाहीत. आपण नाशिककर मुंबईत उतरतो ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गॉथिक वळणाचं आहे. तिथे प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी नवं कोरलेलं असतं आणि डोळा सारखा वर धावतो. भायखळ्याला डोळा एका जागी ठरतो. हा फरक मुलांना दाखवायचा तर दोन्ही इमारती एकाच दिवशी बघाव्यात, शैलींची नावं पाठ करून घ्यायची गरज पडत नाही.

याच परंपरेतली पण जास्त करारी इमारत बघायची असेल तर फोर्टातला टाउन हॉल आहे, जिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. तो १८३३ सालचा, जाडजूड डोरिक (प्राचीन ग्रीक घडणीच्या) खांबांचा. मला स्वतःला भायखळ्याची इमारत जास्त आवडते, कारण ती माणसावर दडपण आणत नाही आणि भोवतीच्या झाडांपेक्षा उंच व्हायचा हट्टही धरत नाही.

ही इमारत कोणी बांधली? आणि बांधायला दहा वर्षं का लागली?

गोष्ट इमारतीच्या आधी सुरू होते. १८५५ साली पॅरिसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी या भागातली कारागिरी आणि कच्चा माल गोळा केला गेला आणि तशाच वस्तूंचा एक संच मुंबईत ठेवायचं ठरलं. फोर्टातल्या बरॅकमध्ये संग्रह मांडला गेला. १८५७ चा उठाव झाला, बरॅक सैन्याला हवी झाली, वस्तू घाईघाईने हलवल्या गेल्या आणि त्यात बरंच नुकसान झालं. १८५८ साली डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे उरलेल्या संग्रहाची जबाबदारी आली. स्वतंत्र इमारत हवीच, हा ध्यास त्यांनी घेतला.

पैसा कुठून आला हे मला या सगळ्यात सर्वात मोलाचं वाटतं. सरकारने हुकूम काढला आणि इमारत उभी राहिली, असं झालं नाही. शहरातल्या लोकांची समिती झाली आणि वर्गणी जमवली गेली. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, डेव्हिड ससून ही या कामातली मोठी नावं. हिंदू, पारशी, ज्यू, इंग्रज अशा सगळ्यांनी हात लावला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध थांबलं, कापूस कोसळला, शेअरबाजार बसला आणि भलेभले सावकार रस्त्यावर आले. इमारतीचं काम अडकलं. पुढे सरकारने भार उचलला तेव्हा कुठे ते पुरं झालं. मूळ आराखडा विल्यम ट्रेसी यांचा. त्यांच्या निधनानंतर स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनीने काम पूर्णत्वाला नेलं. २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडलं. नाना शंकरशेट १८६५ सालीच गेले होते.

नाशिककरांसाठी एक जोड सांगतो. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाट चढून मुंबईला आपल्याशी जोडलं, तिच्या पहिल्या संचालकांमध्ये हेच नाना शंकरशेट होते. कसारा ते इगतपुरी हा घाटातला मार्ग १८६५ सालीच सुरू झाला.

भाऊ दाजी लाड कोण होते? त्यांचं नाव का दिलं?

त्यांचं मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड, जन्म गोव्याकडचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते एक. गरिबांवर मोफत उपचार करत. कुष्ठरोगावर औषध शोधण्याचा त्यांनी नेटाने प्रयत्न केला. एवढं करून संस्कृतचा आणि जुन्या शिलालेखांचा अभ्यास केला. अजिंठ्याचे लेख वाचले, कालिदासाच्या काळाविषयी लिहिलं. स्त्रीशिक्षणासाठी उभे राहिले आणि मुंबईचे शेरीफ, म्हणजे नगरपाल, दोनदा झाले. संग्रहालयाच्या समितीचं चिटणीसपद सांभाळून वर्गणीसाठी दारोदार जाण्याचं कामही त्यांनी केलं. १८७४ साली ते वारले. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख बघताना ज्यांना कधी प्रश्न पडला असेल की ही अक्षरं कुणी आणि कशी वाचली, त्यांनी भाऊ दाजींच्या पिढीबद्दल जरूर वाचावं. दिवसभर रोगी तपासून रात्री ब्राह्मी अक्षरं जुळवणारी ती माणसं होती.

आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. मग ही लंडनच्या संग्रहालयाची शाखा होती का?

शाखा नव्हती. उलट मुंबईच्या संग्रहालयाला हे नाव लंडनच्या आधी मिळालं. लंडनचं संग्रहालय तेव्हा साउथ केन्सिंग्टन म्युझियम म्हणून ओळखलं जायचं, त्याचं नामकरण १८९९ साली झालं.

आत गेल्यावर काय बघायचं?

आधी काहीच बघू नका. मधल्या दालनात उभे राहा आणि मान वर करा. बाहेरून शांत दिसणारी इमारत आतून रंगांनी भरलेली आहे. हिरव्या छटा, सोन्याचा वर्ख, बिडाचे सडपातळ खांब, त्यांच्यावर तोललेला वरचा सज्जा, लोखंडी कठडे आणि पायाखाली इंग्लंडहून आलेल्या मिंटन कंपनीच्या फरशा. बिडाच्या खांबांमुळे एवढी मोठी जागा जाड भिंतींशिवाय मोकळी ठेवता आली. खांबांचे माथे नीट बघा, पानांची नक्षी आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याचे खांब ज्यांनी पाहिलेत त्यांना तुलनेला छान निमित्त मिळेल. तिथे घंटेच्या आकारावर जनावरं बसवली आहेत, इथे पानं उमलली आहेत. खांब जिथे छताला भिडतो तिथे कारागिराचा हात मोकळा सुटतो, हे दोन्हीकडे सारखंच.

मधोमध राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचा संगमरवरी पुतळा आहे. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने तो घडवला आणि डेव्हिड ससून यांनी तो दिला.

खालच्या मजल्यावर धातूकाम, बिदरी (काळ्या धातूवर चांदीची जडणी), चांदी, हस्तिदंत, मातीची भांडी असा औद्योगिक कलांचा संग्रह आहे. नाशिकच्या तांबट लेन आणि भांडी बाजारातल्या ठोक्यांचा आवाज ऐकत वाढलेल्या माणसाने धातूकामाच्या कपाटांसमोर घाई करू नये. ठोकून काढलेली वस्तू आणि ओतून काढलेली वस्तू यातला फरक आपल्याकडच्या जुन्या घरातल्या बाईला एका नजरेत कळतो. तिला बरोबर न्या, तुम्हाला वेगळा गाईड लागणार नाही.

वरच्या मजल्यावर मुंबईचे जुने नकाशे आणि मातीचे छोटे नमुने आहेत. लोकांचे पेहराव, व्यवसाय, वाद्यं, रोजचं जगणं त्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. कला शाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स या संग्रहालयाचे अभिरक्षक होते, त्यांच्या काळात यातले बरेच नमुने तयार झाले. मुलं इथे खिळून राहतात. मोठ्यांनी मात्र एक गोष्ट मनात ठेवून बघावं. राज्यकर्त्यांना इथल्या माणसांची वर्गवारी करून हवी होती, म्हणून या बाहुल्या घडल्या. विणकर, कुंभार, भटजी, कोळी असे सगळे ‘प्रकार’ म्हणून काचेमागे उभे आहेत. त्यांना नाव नाही, आणि ज्यांनी बोटांनी त्यांचे पागोट्याचे पीळ वळवले त्या कारागिरांचीही नावं बहुधा नाहीत. कारागिरी अस्सल आहे आणि तिच्यामागची नजर परकी आहे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगता येतात, आठवी-नववीची मुलं यावर फार चांगलं बोलतात.

आजच्या चित्रकारांची प्रदर्शनंही इथे होतात. अतुल डोडिया, जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी यांनी या जुन्या वास्तूला उत्तर म्हणून केलेली कामं इथे मांडली गेली आहेत.

इमारत एवढी नवी कशी दिसते?

ती मरणपंथाला लागली होती. ओल, गळती, रंगांवर रंगांचे थर आणि बंद कपाटं अशी तिची अवस्था झालेली. २००३ साली मुंबई महानगरपालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला आणि जतनाचं काम सुरू झालं. वास्तू-संवर्धक विकास दिलावरी यांनी इमारतीचं काम पाहिलं. थर उतरवून मूळ रंग शोधणं, वर्ख पुन्हा चढवणं, फरशा, लाकूड आणि काच नीट करणं असं ते काम होतं. सोबत वस्तूंचीही एकेक करून डागडुजी झाली. २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च जतन पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडलं.

महापालिकेची मालमत्ता असलेली वास्तू इतकी उत्तम राखता येते, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे. ‘सरकारी आहे, असंच चालायचं’ हे वाक्य इथून परतल्यावर तोंडात येत नाही.

बाहेर तो दगडी हत्ती कसला?

त्याच्याशेजारी फोटो काढून निघून जाऊ नका. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं ते याच हत्तीमुळे. तो मुळात त्या बेटावर उभा होता. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यंत्र तुटलं आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले गेले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. नीट पाहिलंत तर सांधे दिसतात.

जवळच डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. आणि ज्याच्यामुळे काळा घोडा चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही आता या आवारातच आहे. १९६५ साली तो चौकातून इथे हलवला. चौकात आज दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ चा, नवा.

बागेतली झाडं एवढी खास आहेत का?

आहेत. माझ्या मते संग्रहालयाइतकीच. ही बाग मुळात वनस्पती उद्यान म्हणूनच लावली गेली, प्राणी मागाहून आले. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. तिचं उद्घाटन लेडी फ्रियर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी झालं. तारीख ओळखीची वाटली ना? संग्रहालयाची पायाभरणीही त्याच दिवशीची. बाग आणि इमारत एकाच मनसुब्यातून जन्मल्या, म्हणून त्या एकत्र बघायच्या. लेडी फ्रियर यांच्या स्मरणार्थ ग्रीक देवळाच्या धर्तीचा खांबांचा मंडपही बागेत आहे, तो शोधा.

झाडांमध्ये आफ्रिकेची गोरखचिंच आहे, पिंपासारख्या बुंध्याची. कैलासपतीची फुलं फांदीला न येता थेट खोडावर येतात, आणि त्यांच्या आत फणा धरल्यासारखा आकार असतो. उर्वशीचं झाड ब्रह्मदेशातलं. त्याचे लालसर फुलांचे लोंबते घोस हिवाळा सरता सरता बघायला मिळाले तर नशीब म्हणा. सीतेचा अशोक आहे, समुद्रफळ आहे. आणि पंचवटीच्या माणसाने कृष्णवड बघायलाच हवा. वडाचंच झाड, पण पानाचा तळ दुमडून द्रोण झालेला. लोणी चोरून कृष्णाने या पानात लपवलं अशी गोष्ट सांगतात.

बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. मुलांना वही द्या आणि पाच झाडांची पानं काढायला सांगा. पिंजऱ्यासमोर जेवढा वेळ जातो त्यापेक्षा जास्त वेळ ती इथे रमतात, हे शिक्षकांनी करून बघावं.

ही बाग तोडणार होते म्हणतात, ते खरं का?

२००७ च्या सुमारास बागेचं रूपांतर आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयात करायची मोठी योजना आली. तिच्यात जुनी झाडं आणि बागेची मूळ आखणी जाण्याची भीती होती. काही मुंबईकर स्त्रिया पुढे आल्या. त्यांनी झाडांची मोजदाद केली, एकेका प्रजातीची नोंद केली आणि वारसा म्हणून बागेची बाजू मांडली. योजना मूळ रूपात झाली नाही. नंतर प्राणिसंग्रहालयाचं नूतनीकरण झालं, हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली आले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळाले, पण जुनी बाग बऱ्याच अंशी टिकली.

त्यांची पद्धत आपल्यासाठी शिकण्यासारखी आहे. नाशिकच्या तपोवनातली झाडं वाचवायला नाशिककर रस्त्यावर उतरले तेव्हा ‘नेमकी कोणती झाडं, किती जुनी?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. यादी हातात असेल तर बोलण्याला वजन येतं.

नाशिकहून जायचं कसं?

पंचवटी एक्स्प्रेस सर्वात सोयीची. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते. दादरला उतरा, मध्य रेल्वेची सीएसएमटीकडे जाणारी लोकल पकडा आणि भायखळ्याला उतरा. पूर्वेला बाहेर पडून बाग चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास असते, म्हणून पाचपर्यंत भायखळा सोडा. गर्दीच्या वेळी मुलांना घेऊन लोकलमध्ये चढणं सोपं नाही. वेळापत्रक बदलतं, आदल्या दिवशी तपासा.

गाडीने जाणार असाल तर समृद्धी महामार्गाने इगतपुरी ते आमणे हा टप्पा लवकर उरकतो. पुढे ठाणे, सायन, लालबागचा उड्डाणपूल. खरा वेळ तिथेच जातो.

आणि भायखळा स्थानकही घाईत ओलांडू नका. देशातल्या जुन्या स्थानक-इमारतींपैकी ते एक आहे. त्याच्या जतनाला २०२२ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

सुट्टी कधी असते?

बुधवारी. संग्रहालय आणि बाग दोन्ही. संग्रहालयाचं तिकीट बागेपेक्षा वेगळं काढावं लागतं. दुरुस्तीसाठी दालनं बंद असू शकतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा, विशेषतः चाळीस मुलांची सहल नेणार असाल तर.

किती वेळ ठेवावा?

संग्रहालयाला दोन तास, झाडांना दीड तास. पेंग्विन शेवटी. क्रम उलटा केला तर मुलं थकतात आणि संग्रहालय राहून जातं. उन्हाळ्यात दुपारी आत आणि, संध्याकाळची पंचवटी गाठायची नसेल तर, चारनंतर बागेत, पावसाळ्यात जमेल तसं. आजी-आजोबा बरोबर असतील तर बागेत बसायला सावली भरपूर आहे, पण चालणंही भरपूर आहे.

अजून वेळ उरला तर?

भायखळा पश्चिमेला मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. डेव्हिड ससून यांनीच १८६० च्या दशकात बांधलेलं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. नवअभिजात वळण तिथेही दिसतं. प्रार्थनास्थळ आहे, परवानगी विचारूनच आत जावं.

नाशिकमध्ये अशी एखादी इमारत आहे का?

या शैलीची, अशा बागेत वसलेली नाही. पण जुनी सार्वजनिक वास्तू कशी वाचायची हे भायखळ्याला शिकून आलात की सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्यात जा. पेशवेकालीन आहे, राज्य संरक्षित स्मारक आहे आणि घडण संपूर्ण वेगळी: दगडी जोतं, लाकडी खांब, मधला चौक. तिथेही आधी मधोमध उभे राहा आणि वजन कुठून कुठे उतरतं ते शोधा. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, म्हणजे भायखळ्याच्या संग्रहाहून पंधरा वर्षांनी जुनं. तिथे मुंबईच्या आणि नाशिकच्या इतिहासावरची पुस्तकं मागा. सहलीच्या आधीच्या आठवड्यात मुलांना तिथे नेलंत तर भायखळ्याला पोचेपर्यंत त्यांचे स्वतःचे प्रश्न तयार असतील.